वाकळीत नसलेला सदरा

१८ फेब्रुवारी २०२४ रोजी लातूरच्या एका प्रदर्शनात माझ्या आईच्या वाकळीला एकाने ६,२५० रुपये देऊ केले. तिने ती विकली नाही.

आईचे नाव मल्लम्मा. आम्ही तिला अव्वा म्हणतो. शिरूर अनंतपाळला आमचे किराणा दुकान होते. दुपारी गिऱ्हाईक थांबले की ती पोत्यावर बसून जुनी कापडे जोडायची. शेवटचा कोपरा शिवण्याआधी त्यात भाकरीचा तुकडा घालायची. वाकळ उपाशी ठेवू नये, असे तिचे म्हणणे. आम्ही त्या वाकळींवर निजलो, पण निरखून कधी पाहिल्या नाहीत. रूपाली नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने त्या प्रदर्शनात एक वाकळ भिंतीवर टांगली, तेव्हा दिसली. मधोमध विटका निळा चौकोन आणि त्याच्याभोवती इरकली लुगड्याच्या पट्ट्या, शेताच्या बांधांसारख्या. लोक तिथेच थांबत होते.

तो निळा चौकोन वीरेशच्या सदऱ्याचा. वीरेश माझा धाकटा भाऊ, टेम्पो चालवतो. त्याची चौकड्याची लुंगी, खाकी पँट, लहानपणीचे टोपडेसुद्धा वाकळीत होते. मी डाळमिलमध्ये हिशेबनीस. अव्वाचे औषधपाणीही मीच बघतो. डावीकडून उजवीकडे मी सगळी वाकळ तपासली. माझी एक चिंधीही नव्हती.

"अण्णा, काय हुडकायलास?" वीरेशने विचारले.

"काही नाही. तुझीच जत्रा भरलीय."

"मग! मधोमध बसलोय मी."

परतताना बसस्थानकाकडे जाणाऱ्या रिक्षात मी अव्वाला विचारलेच.

"माझं एकबी कापड न्हाई त्यात?"

"तुझं कापड फाटतंय कवा? कॉलर विरायच्या आत घडी घालून भांडेवालीला देतूस. तुझ्या सदऱ्यांची पातेली मांडणीवर हायत की. ती शिवू व्हय वाकळीत?"

वीरेश इतका हसला की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिले.

"ह्याचा फाटला की ह्यो माझ्याकडं येतो," अव्वा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातला चांगला पांढरा सदरा तिच्यापुढे ठेवला. तिने तो बोटांत चुरगळून पाहिला आणि परत दिला.

"लई कडक हाय. अंगाला टोचंल. घाल अजून."

"कुठवर?"

"मऊ होईस्तवर."

अव्वाने ऐंशी ओलांडली आहे. नजर अधू झाली आहे. ही शेवटची, असे म्हणून तिने नवी वाकळ मांडीवर घेतली, ती अर्धी झाली. तिच्यातही वीरेशची लुंगी आधीच लागली आहे. मी तो सदरा रोज घालतो, रात्री दगडावर आपटून धुतो. इस्त्री बंद केली आहे. मिलमध्ये विचारतात, घरी सगळे ठीक ना? परवा सदरा पुन्हा दाखवला. अव्वा म्हणाली, "अजून न्हाई."

लातूरच्या रिक्षाचे साठ रुपये वीरेशने दिले होते. त्यातले माझे तीस मी त्याला मुद्दामच अजून दिलेले नाहीत.