लाखेची टाकी

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. जानेवारीत आमची डिटॅचमेंट चोरखमाऱ्याच्या तलावापाशी लाकडी पुलांच्या ट्रेनिंगला आली. एक कॅप्टन साहेब, बावीस जवान, एक तीन-टनी ट्रक आणि एक जुनी मोटर. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. मी नायक पटले, व्हेईकल मेकॅनिक, गाव मुर्री. घराच्या इतक्या जवळ पोस्टिंग आधी कधी मिळालं नव्हतं, म्हणून खूश होतो. लोक मला आजही म्हणतात, काका, लढाईचं काही सांगा. लढाईत मी इंजिनं उघडली आणि परत बसवली. सांगण्यासारखं जे आहे ते चोरखमाऱ्याचं आहे, आणि ते ऐकायला कोणी थांबत नाही.

मोटर महायुद्धाच्या आधीची. कोण्या बड्या साहेबाची स्टाफ कार असावी. कॅनव्हासचं छत, लांब नाक, इंजिन ठणठणीत. पेट्रोलची टाकी मात्र सडलेली. कॅप्टन साहेब म्हणाले, "पटले, ट्रक एक ही है. कुछ हो गया तो दूसरी गाडी चाहिए. दस दिन."

"जी साहब."

नवी टाकी मिळायचा प्रश्नच नव्हता. ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला होता.

मदतीला मी लान्स नायक सुकलाल मडावी मागून घेतला. नागझिऱ्याच्या जंगलाकाठच्या गोंड वस्तीतला माणूस, पाच वर्षं माझ्याबरोबर. बोलायचा कमी, पण हाताला खोट नाही. आम्ही टाकी उतरवली, रिकामी केली, धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यानं तीनदा धुतली. मग आत नाल्यातले बोरांएवढे खडे टाकले आणि दोन बाजूंनी धरून दिवसभर हलवली. आतून लाल चिखल निघाला. दोन मोठी भोकं कथलाचा डाग देऊन बुजवली. डाग देताना भोक वर करून टाकी भोकाच्या जरा खालपर्यंत पाण्यानं भरून ठेवली, कारण रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ दडून बसते आणि ठिणगीला भडकते. एवढी अक्कल मला होती. नंतर टाकी उन्हाकडे धरून आत पाहिलं तर तळाची चाळणी झालेली.

"हे तं गेली ना, पटलेभाऊ," सुकलाल म्हणाला.

आमच्या भागात विळ्याची मूठ सैल झाली की लाख वितळवून पक्की करतात. बायांच्या पोकळ बांगड्या लाखेनं भरतात. पळसावर लाख, गोंदियात लाखेचे कारखाने. लहानपणापासून बघत आलो, तेच डोक्यात आलं. चपडी, म्हणजे पातळ पापड्यांची शुद्ध लाख, स्पिरिटमध्ये विरघळवायची, टाकीत ओतायची, टाकी सगळीकडून फिरवायची. स्पिरिट उडून गेलं की आतून लाखेचा पापुद्रा बसतो. वर्कशॉपच्या कोणत्याच पुस्तकात हे नव्हतं, आणि त्याचाच मला माज चढला होता.

"पेट्रोलनं लाख खाल्ली तं?" सुकलालनं विचारलं.

"नाही खात."

"तुले कोणं सांगतलं?"

खरं होतं त्याचं. चपडीचा तुकडा पेट्रोलच्या डब्यात टाकून चार दिवस ठेवला. तुकडा जसाच्या तसा. मग दोघांनी मिळून टाकीला आतून लाखेचे तीन हात दिले आणि वाळवली. पेट्रोल भरून दोन दिवस ठेवली, एक थेंब गळला नाही. साहेबांनी तळावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, म्हणाले, "शाबाश." त्या एका शब्दानं माझी छाती फुगली. आठवलं की आजही लाज वाटते.

त्या महिन्याअखेरीस पेट्रोलचे नवे ड्रम आले. स्टोअरचे हवालदार साताऱ्याकडचे, थट्टेखोर. "पटले, चिठ्ठी वाच. आता पेट्रोलात साखर कारखान्याचं स्पिरिट मिसळून येणार. तुझी मोटर आता दारू प्यायची." सगळे हसले. मीही हसलो आणि चिठ्ठीवर सही केली. शनिवारी मोटरची टाकी त्याच ड्रममधून भरली, दहा मिनिटं इंजिन चालवलं. छान चाललं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मीच विरघळवली होती, तीन आठवड्यांपूर्वी, याच हातांनी. हवालदारांनी थट्टेत का होईना, तोंडावर सांगितलं. तरी डोक्यात उजेड पडला नाही. अकलेचं दिवाळं याला म्हणतात.

मंगळवारी सकाळी सात वाजता ट्रक गोंदिया स्टेशनवर मालगाडीनं आलेलं रेशन आणायला गेला. दहा वीसला पुलासाठी रचलेली सागाच्या ओंडक्यांची थप्पी घसरली. सुकलाल खाली सापडला. ओंडके उचलले तेव्हा उजव्या मांडीचं हाड बाहेर आलेलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. नर्सिंग ऑर्डरलीनं मांडीला पट्टा आवळला. "साहब, दो घंटे में डॉक्टर चाहिए. ज्यादा नहीं."

वायरलेसवर गोंदिया लागलं. साहेबांनी विचारलं, "थ्री-टनर निकला? ओव्हर."

"नहीं निकला. मालडब्बा अभी खुला नहीं. ओव्हर."

साहेब माझ्याकडे वळले. "गाडी निकालो."

दहा पस्तीसला निघालो. मी स्टिअरिंगवर, मागे सुकलाल आडवा, डोकं ऑर्डरलीच्या मांडीवर. तिरोड्याला सरकारी डॉक्टर होता. कच्च्या रस्त्यानं पाऊण तास. सुकलाल शुद्धीत होता.

पंधरा मिनिटं झाली असतील. इंजिन ठसकलं, मग बंद. बॉनेट उघडून फिल्टरची वाटी काढली. वाटीत पेट्रोलऐवजी तपकिरी चिकट खळ. नळीला तोंड लावून फुंकलं, जिभेवर स्पिरिटची चव आली. तिथेच कळलं. वाटी पुसली, कार्ब्युरेटरचं जेट साफ केलं, हँडल मारलं. दोनशे पावलं चाललो, परत बंद. असं चारदा. टाकीतली सगळी लाख सुटून नळीत येत होती, आणि तळातून पेट्रोल रस्त्यावर टपकत होतं.

"पटलेभाऊ, काऊन थांबून राहिला?" मागून सुकलालचा आवाज.

"कचरा आला."

"निघन. घाई नोको करू."

तो मला धीर देत होता.

अकरा चाळीसला समोरून तणसाची, भाताच्या पेंढ्यानं भरलेली बैलबंडी आली. बंडीवाल्यानं न विचारता तणीस खाली लोटलं, थोडं अंथरायला ठेवलं, बंडी तिरोड्याकडे वळवली. आम्ही सुकलालला बंडीत घेतलं. मी चाकाजवळून चालत होतो. बैल बैलांच्या चालीनं चालतात. बारा पंचवीसला ऑर्डरलीनं नाडी धरली, घड्याळ पाहिलं आणि मांडीचा पट्टा सोडला. तिरोडा अजून पाच मैल होतं.

चौकशीत मी सगळं सांगितलं. लाख, स्पिरिट, चिठ्ठी, सही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि लिहिलं: जुनं वाहन, इंधनाच्या नळीत बिघाड, कोणी दोषी नाही.

"साहब, दोषी मैं हूँ."

"जा सकते हो, नायक."

सुकलालचा देह गावी पोचवायला मीच गेलो. त्याच्या म्हाताऱ्या बापानं एकच विचारलं, "गाडी काऊन बंद पडली, बाबू?"

साहेबांपुढे बोललो ते त्याच्यापुढे बोलता आलं नाही. म्हणालो, "पुरानी होती, बाबा. मशीनच ते."

म्हातारा मान हलवत राहिला. "तू होता ना संगं. एकटा नाही गेला लेक माहा."

पुढच्या वर्षी मी पेन्शन घेऊन मुर्रीला आलो. म्हातारा दर उन्हाळ्यात चारोळीची पुडी घेऊन यायचा. माझ्या बायकोला सांगायचा, "यानं माह्या लेकाले शेवटवर सोडलं नाही." ती त्याला जेवू घालायची. मी समोर बसून घास गिळायचो. दरवेळी ठरवायचो, आज सांगू. एकदा तर फाटकापर्यंत त्याच्या मागे गेलो. तो वळला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला.

चार उन्हाळे आला. पाचव्याला त्याचा पुतण्या आला. म्हातारा गेला होता. त्यांच्यात मेलेल्याच्या नावानं दगड उभा करतात, आणि दगडाला पहिला हात लेकाचा लागतो. "बुढा सांगून गेला," पुतण्या म्हणाला, "लेक नाही तं पटलेबाबूले बोलवा. तोच लेक."

मी गेलो. सगळी वस्ती उभी होती. सुकलालच्या दगडाशेजारी खड्डा खणून ठेवला होता. लान्स नायक सुकलाल मडावी, वय सव्वीस. मी खाली वाकलो, त्याच्या बापाच्या दगडाला पहिला हात लावला आणि उचलला. कोणी मला अडवलं नाही.