पाण्याचा बजर

वारज्यात नळाला पाणी पहाटे कधीही येई, म्हणून आम्रपालीताईंची वीस वर्षं अर्धवट झोपेत गेली. निवृत्तीनंतर मोबाइलवर बघून बघून त्यांनी एक सर्किट जोडलं. नळाखालच्या बादलीत दोन तारा सोडल्या. त्यांना पाणी लागलं की बजर वाजणार. तीन दिवस तो मेला वाजलाच नाही. शेवटी कंटाळून त्या सदाशिव पेठेत, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या उत्तरेश्वररावांकडे गेल्या. त्यांनी तारा पेल्यातल्या पाण्यात बुडवल्या, तर बजर ठणाणा वाजला.

"सर्किट उत्तम आहे. नळ उघडा ठेवता ना?"

"अहो, नळ उघडा टाकून कोण झोपतं?"

"मग पाण्यानं काय दार वाजवून यायचं?"

त्या रात्री आम्रपालीताईंनी नळ उघडा ठेवला. पहाटे बजर वाजला, तेव्हा उघड्या नळाच्या काळजीनं त्या बादलीपाशीच बसून होत्या.