कांदेनवमीची भजी

'सुटली हो बिचारी!' समाचाराला आलेला प्रत्येक माणूस ओटीवर टेकता टेकता हेच म्हणून गेला. माझी थोरली बहीण आक्का जाऊन आता महिना झाला. बाराव्या वर्षी तिचं कुंकू पुसलं, आणि पुढची पंचवीस वर्षं चौलच्या याच घरात ती आम्हा सगळ्यांसाठी रांधत राहिली. कशातून सुटली, ते मात्र कुणी बोललं नाही.

चातुर्मासात चार महिने कांदा बंद, म्हणून त्याआधी कांदेनवमीला आमच्याकडे भज्यांचे घाणेच्या घाणे निघत. मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून आक्काच तळायची आणि मग आंघोळ करून पुन्हा सोवळ्यात जायची. विधवेला कांदा वर्ज्य. त्यामुळे मीठ किती, तिखट किती, सगळं नुसत्या अंदाजाने. तरी भजी अशी कुरकुरीत व्हायची, की शेजारीपाजारी 'सहजच आलो' म्हणत डोकावायचे! पहिलं भजं माझ्या हातावर ठेवून ती विचारायची, 'कसं लागतं?'

'छान.'

'छान तर देवळातली घंटाही असते, मेल्या! लागतं कसं ते सांग.'

'गोडसर.'

'चल! डोळ्यांतून पाणी काढतो, तो गोड कसा असेल?' मग टोपलीतल्या बटाट्यांकडे बोट दाखवायची. 'फिरंग्यांनी आणलेला हा उपासालासुद्धा चालतो, आणि आपल्या परसातला कांदा चालत नाही. काय न्याय आहे!' हसायची खरी... पण मी तेव्हा तिच्याकडे बघायचं टाळत असे.

शेवटच्या तापात तिने मला जवळ बोलावलं. 'एक कांद्याचं भजं दे रे. आता माझं काय बिघडणार आहे?' शाळेत केशवपनाविरुद्ध तावातावाने व्याख्यानं झोडणारा मी, 'देतो' म्हणालो. बायकोने कांदा चिरायला घेतला, तोच ओटीवरून वडिलांचा आवाज आला, 'आज कांदा कशाला?'

'कांदा नाही आबा, बटाटा,' माझ्या तोंडून निघून गेलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. कांदा बाजूला सारला आणि बटाटा हातात घेतला. मी तिला अडवलं नाही.

आक्काने ते भजं बराच वेळ चघळलं. डोळे मिटूनच म्हणाली, 'खरंच रे, गोड असतो कांदा.' दुसऱ्या दिवशी ती गेली.

वर्षानुवर्षं एकादशा बटाट्यावर काढलेली बाई ती. तिला कळलं नसेल, असं मी रोज स्वतःला सांगून बघतो... पटत नाही.