अजून संपलेलं नाही

टोरंटोच्या भरल्या सभागृहात, सिम्फनी संपायच्या आतच मी टाळी वाजवली. वर मोठ्यानं 'क्या बात है' म्हणालो.

शेजारच्या खुर्चीवरून एक बोट वर झालं. "थांबा, अजून संपलेलं नाही."

ते बोट मिसिसागातल्या आमच्या काँडोत, आमच्याच मजल्यावर राहायचं. मूळचे नागपूरचे, निवृत्त, एकटे. बायको त्यांना भाऊजी म्हणायची. चहाला यायचे ते गेल्या शतकातल्या एका रशियन संगीतकाराला सोबत घेऊनच.

"सरकारची मर्जी फिरली ना वहिनी, तेव्हा तो बॅग भरून रात्री लिफ्टपाशी बसायचा म्हणतात. धरायला आले तर पोरांची झोप मोडू नये म्हणून."

"आणि सकाळी?"

"सकाळी पुन्हा लिहायला."

हिचे डोळे भरून आले. तुम्हीच सांगा, इतकी वर्षं मी हिच्या गाडीचे विंटर टायर बदलून आणतोय. एका तरी टायरला डोळे भरले का?

ही लग्नाआधी गायची. त्या रशियनाच्या नादानं पुन्हा गुणगुणायला लागली. माझ्या घरात, दुसऱ्यानं आणलेल्या पाहुण्यामुळे. मी जळलो. एका संध्याकाळी जिमची बॅग घेऊन मीही लिफ्टपाशी बसून पाहिलं. ही दार उघडून म्हणाली, "ग्रोसरीला चाललायस? कोथिंबीर आण."

म्हणून त्या रशियनाच्या सिम्फनीच्या कॉन्सर्टला भाऊजींच्या आधी दाद द्यायचीच, असं ठरवून गेलो होतो. शेवटाकडे वाद्यं एकेक करून विझत गेली, आणि मी घाई केली. सगळे वळून बघायला लागले, तेव्हा भाऊजींनी बोट खाली घेतलं आणि शांतपणे दोन टाळ्या वाजवल्या. आता लोक दोघांकडे बघत होते.

"भाऊजींनी तुला एकटं पडू दिलं नाही," गाडीत ही म्हणाली. टाळी माझी, कौतुक त्यांचं.

गेल्या हिवाळ्यात भाऊजी गेले. सामान आवरायला ग्वेल्फहून मुलगी आली, तिनं त्याच सिम्फनीची सीडी दिली. माझ्या नव्हे, हिच्या हातात. तेव्हापासून हिचं गुणगुणणं बंद आहे.

परवा ही बाहेर गेल्यावर मी ती सीडी लावली. वाद्यं विझत गेली, पण या वेळी मी हललो नाही. अगदी बारीक असा एक सूर मागे रेंगाळत होता. तेवढ्यात ही पिशव्या घेऊन आत आली. मी बोट वर केलं.

"थांब, अजून संपलेलं नाही."

ती पिशव्या हातातच धरून ऐकत उभी राहिली. बराच वेळ.

मग म्हणाली, "कधीच संपलंय. तो फ्रिजचा आवाज आहे."