नुसती दाढ होती

मंगळवारी दुपारी अतिदक्षता विभागाचं दार उघडून डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, सुनंदाबाईंचं कोण आहे? मी भाऊ, म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला... पुढचं मला ऐकूच आलं नाही. सावर्ड्याच्या त्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी उभा होतो आणि डोक्यात एकच फिरत होतं, नुसती दाढ होती. आज पाच आठवडे झाले. कुणी भेटायला आलं की विचारतं, काय झालं होतं? दाढ म्हटलं की समोरचा बघतच राहतो.

ताई एसटीत कंडक्टर होती, दापोलीला. भावजी गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. घरात आम्ही दोघंच. एकदा मुरुडहून येताना गाडीला जोरात ब्रेक लागला आणि शाळेला निघालेली एक मुलगी दांड्यावर आपटली. पुढचा दात मुळासकट बाहेर. ताईने मुळाला हात न लावता तो उचलला, टपरीवरून पेलाभर दूध आणवून त्यात टाकला आणि ड्रायव्हरला सांगून गाडी थेट दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दाराशी उभी केली. दात परत जागेवर बसला. हे दुधाचं डॉक्टरीणबाईंनीच कधीतरी एका शिबिरात सांगितलं होतं. दुसऱ्यांसाठी ताईला सगळं लक्षात राहायचं.

तिची स्वतःची दाढ बुधवारी ठणकायला लागली. शिमग्याचे दिवस, मुंबईहून चाकरमानी उतरत होते, जादा गाड्या सुटत होत्या; आत्ता रजा घेणार नाही म्हणाली. शुक्रवारी गाल सुजला. मी दवाखान्याचं काढलं तर म्हणाली, "दाढच आहे रे. सोमवारी जाते." आणि मी ते मानलं. उलट माझ्याकडच्या दुखण्याच्या गोळ्या मीच तिला दिल्या. शनिवारी ती कामावरून आली तेव्हा पेजही गिळवत नव्हती. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, सकाळी बघू... हे मी म्हटलं.

रविवारी सकाळी तिची हनुवटी आणि गळा एक झाला होता. तोंड बोटभरही उघडेना, लाळ गळत होती, शब्द फुटत नव्हता. दवाखाना बंद, म्हणून मी डॉक्टरीणबाईंच्या घरचं दार वाजवलं. त्यांनी ताईचा गळा चाचपला आणि त्यांचा चेहराच उतरला. दाढेतला पू जिभेखाली पसरलाय, श्वासाची वाट बंद होतेय, आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या, आडवं करू नका, बसवूनच न्या, असं सांगून त्यांनी सावर्ड्याला स्वतः फोन लावला. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली. शेजाऱ्यांच्या गाडीतून निघालो.

ताई पुढच्या सीटवर, दोन्ही हात समोर टेकून श्वास ओढत होती. शिट्टीसारखा आवाज यायचा. मी मागून म्हणत होतो, आलंच ताई, आलंच. तिने गाडीतली एक वही घेतली, काहीतरी लिहिलं आणि मागे धरली. "खोटं सांगू नको. अजून खेड नाही आलं." त्या रस्त्यावर तिने तेरा वर्षं तिकिटं दिली होती, किती राहिलंय ते माझ्यापेक्षा तिला ठाऊक होतं. परशुराम घाटात तिचे ओठ निळे पडले. मी मागून तिचे खांदे घट्ट धरून बसलो, दुसरं काय करणार...

पोचलो. डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन नळी घातली, पू काढला, श्वास सुरू झाला. मला वाटलं, वाचली. पण विष रक्तात भिनलं होतं. एक दिवस आधी आणलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले.

दातामुळे आलेली सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, तर कुठल्याही सोमवारची वाट बघू नका. हात जोडून सांगतो.

मंगळवारी संध्याकाळी तिच्या अंगावर घालायला साडी काढायची म्हणून मी तिच्या खोलीत गेलो. अंथरुणाची घडी मोडलेली नव्हती. भिंतीला टेकून तीन उशा रचलेल्या, शेजारी भिजून कडक वाळलेला टॉवेल. शनिवारची अख्खी रात्र ती बसून होती. मधे एक पातळ भिंत, पलीकडे मी झोपलेला. तिने मला हाक मारली नाही. की मारता आली नाही, कुणास ठाऊक...

त्या उशा मी हलवलेल्या नाहीत. माझं अंथरूण आता तिथेच, त्यांच्याजवळ घालतो.