मोताळ्याच्या बाजारात लंकेची तालीम

वक्तशीरपणा अन्नपूर्णाबाईंच्या रक्तातच आहे, असं चिखलीतले लोक म्हणत. ते खोटं होतं. वक्तशीरपणा कोणाच्याच रक्तात नसतो, वऱ्हाडात तर नसतोच नसतो. बाईंनी तो कमावला होता, सव्वीस वर्षं मुलींच्या शाळेची घंटा स्वतःच्या हातानं देऊन. विसाव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं, तेव्हा सासरच्यांनी चुलीपाशी जागा दाखवली. बाईंनी ती जागा एक वर्ष सांभाळली आणि मग अमरावतीला जाऊन मास्तरणीची परीक्षा दिली. लोक काय बोलायचं ते बोलले. बाईंनी त्यांच्याच मुली शिकवून काढल्या आणि पेन्शन घेतली.

पेन्शनीत माणूस देवपूजा वाढवतो. बाईंनी रेल्वेचं वेळापत्रक आणलं. दर हिवाळ्याला दहा-बारा माणसं गोळा करून त्यांना काशी, प्रयाग, मथुरा दाखवून आणायची, हा उद्योग त्यांनी मागं लावून घेतला. त्यात त्यांचा एक नियम होता: स्टेशनावर उतरल्यावर टांगा करायचा नाही, मोटार करायची नाही. पायी, नाहीतर सगळ्यांनी मिळून रेल्वेनं. हा नियम कंजूषपणातून आलेला नव्हता. मथुरेला एकदा दोन टांगे केले होते. एक गेला गोकुळाला, दुसरा वृंदावनाला, आणि दुसऱ्या टांग्यातली चार माणसं तिसऱ्या दिवशी एका पंड्याच्या घरी खीर खाताना सापडली. तेव्हापासून बाई म्हणायच्या, "वाहन केलं की माणसं वाटली जातात. जिथं पायानं जाऊन वेळेवर परत येता येत नाही, तिथं आपलं काही हरवलेलं नाही."

वय झालं अठ्ठावन्न. डावा गुडघा कुरकुरायला लागला होता. आणि समुद्र अजून पाहिलेला नव्हता. वर्गात नकाशा काढताना निळ्या खडूच्या कांड्याच्या कांड्या त्यांनी समुद्रावर झिजवल्या होत्या, पण काशीकडं कुठला समुद्र! अशात मुंबईच्या एका आगबोट कंपनीचं पत्रक त्यांच्या हाती आलं. माघात बोट निघणार, लंकेला जाणार, गॉलच्या बंदरात पाच तास थांबणार, कोलंबोला नऊ तास. दहा माणसांची टोळी असेल तर सगळ्यांना एकत्र जागा. दहाला एक कमी असेल तर टोळीची जागा नाही, आणि एकट्या बाईला कोण नेतं? पत्रकाच्या तळाशी लिहिलं होतं की दोन्ही धक्क्यांवर बेट दाखवायला भाड्याच्या मोटारी तयार असतात. बाईंनी त्या ओळीवर काट मारली आणि कामाला लागल्या.

गॉलच्या पोस्टमास्तराला आणि कोलंबोच्या स्टेशनमास्तराला त्यांनी इंग्रजीतून पत्रं घातली. इंग्रजी चौथीपर्यंतचं होतं, पण प्रश्न नेमके होते. धक्क्यापासून किल्ल्याचा दरवाजा किती पावलं? वाटेत सावली आहे काय? पिण्याचं पाणी कुठं? कोलंबोजवळच्या बिभीषणाच्या देवळाला जाणारी गाडी किती वाजता, आणि परतीची चुकली तर पुढची किती वाजता? त्या परमुलखातल्या भल्या माणसांनी उत्तरं पाठवली. पोस्टमास्तरानं तर किल्ल्याचा नकाशाही काढून पाठवला, झाडांसकट. बाईंनी वहीत पानं आखली. परतीला शेवटच्या गाडीवर भरवसा ठेवायचा नाही, तिच्या आधीची धरायची. बोट सुटायच्या तासभर आधी सगळे धक्क्यावर. मिळालेल्या वेळेतला अर्धा वेळ जाण्यायेण्याला, पाव वेळ पाहण्याला, आणि उरलेला पाव वेळ भगवंतरावांना.

हे भगवंतराव म्हणजे चिखलीजवळचे मोठे जमीनदार. साठीचे, गोरेपान, डोक्याला जरीकाठी पागोटं आणि अंगात घाई म्हणून नाही. लंकेच्या टोळीत ते होते, त्यांची बायको अंबूबाई होती, भाजीचे मळे करणारे तुळशीराम होते, बाईंच्या शेजारच्या मनकर्णाबाई होत्या आणि आणखी पाच जण. बाई धरून बरोबर दहा. अकरावा मिळेना. समुद्र म्हटलं की लोकांना आपली म्हातारी आजारी पडल्याचं आठवायचं.

बाईंनी सगळ्यांना ओसरीवर बसवून बेत वाचून दाखवला. भगवंतरावांनी पान लावत लावत ऐकला.

"बाई, येवढं मिन्टा-मिन्टाचं काऊन लिवून राह्यल्या तुमी? बोट थांबते नं."

"कोणासाठी थांबते?"

"आपल्यासाठी. तिकीट काढलं हाये नं आपन. का चोर हाओ?"

"भगवंतराव, ती बोट आहे. तिच्यावर हजार माणसं असतात."

"मंग त हजार मान्सं सांगतील नं, का भगवंतराव यायचे हायेत म्हनून."

सगळे हसले. बाईंना हसू आलं नाही, कारण ते गंमत करत नव्हते. त्यांचा अनुभवच तसा होता. चिखलीहून बुलढाणा, मोताळा करत मलकापूरच्या स्टेशनाला जाणारी सर्विस मोटार खरंच थांबायची. जागेवर पागोटं ठेवलं की ती जागा तुमची, आणि पागोटं आत असलं की मोटार हलायची नाही. पागोट्याचा धनी चहा पिऊ दे, व्याह्याकडं जाऊन येऊ दे, नाहीतर कोर्टात साक्ष देऊन येऊ दे. पागोटं सोडून माणूस जाईल कसा, आणि माणूस सोडून पागोटं नेईल कोण? असा साधा हिशेब होता आणि अख्ख्या तालुक्याला तो मान्य होता.

त्या रात्री बाईंचं डोकं ठणकलं. नऊ माणसं पाच तासांत परत आणायची, तेही जिथली भाषा कळत नाही अशा मुलखात. सकाळी उठून त्यांनी ठरवलं की तालीम घ्यायची.

मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी सर्विस मोटार तिथं दोन-अडीच तास उभी राही आणि मग मलकापूरला जाई. बाईंनी जाहीर केलं: मोटार ही बोट, बाजार हे बेट. साडेअकराला उतरायचं, दोनला बोट सुटणार. आपल्या पायांनी फिरायचं, कोणाच्या छकड्यात बसायचं नाही. "जो वेळेवर येणार नाही, त्याचं नाव लंकेच्या यादीतून गेलं. मग मले कोनी येऊन तोंड दाखवू नका." रागावल्या की बाईंचीही भाषा घसरायची.

मोटारीचा ड्रायव्हर कडूबा. त्याला बाजूला घेऊन बाईंनी बजावलं, "दोनला सोडायची. दोन म्हणजे दोन."

"आन् भगवंतराव नाही आले त?"

"तरी सोडायची."

कडूबानं कानाला हात लावला. "बाई, माहा हात नाही चालनार."

"हात कशाला? पाय चालव."

बाजार भरला होता. भगवंतरावांनी पागोटं पुढच्या सीटवर नीट ठेवलं, डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि बायकोला म्हणाले, "ध्यान ठेव." मग ते बेटात शिरले.

बाई झाडाखाली घड्याळ घेऊन बसल्या. पहिल्या तासात कोणी आलं नाही. ते ठीकच होतं. मग मनकर्णाबाई आल्या, दोन झाडू घेऊन.

"लंकेत झाडू घेणार आहा काय?"

"सस्ते भेटले, बाई."

त्यांच्यामागं अंबूबाई आल्या. त्या काहीच न घेता आल्या आणि मोटारीत मागच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांचं हे नेहमीचंच होतं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यातली किती वर्षं या बाईनं मोटारीत, छकड्यात, मांडवात, दवाखान्याच्या पायरीवर नवऱ्याची वाट पाहण्यात घालवली, त्याचा कोणी आढावा घेतला नव्हता. एक एक करत बाकीचेही आले. पावणेदोनला फक्त दोघे राहिले होते. तुळशीराम एका मिरचीवाल्याशी बियाण्यावरून वाद घालत होते. बाईंनी दुरून हाक मारली तेव्हा धोतर सावरत पळत आले. "त्याले मिरची लावताच येत नाही, बाई! आन् मलेच शिकवून राह्यला!"

राहिले भगवंतराव.

ते कुठं आहेत हे शोधावं लागलं नाही. समोरच, शंभर पावलांवर, लिंबाखाली ते शिदोरी सोडून बसले होते. नुसते बसले असते तर उठले असते. पण आपल्याकडं उघड्यावर जेवताना येणाऱ्या-जाणाऱ्याला "या जेवाले" म्हणायची रीत आहे. म्हणायचं आणि पुढच्यानं "जेवा, जेवा" म्हणून जायचं, असं शहाणे लोक करतात. भगवंतराव मनापासून म्हणत. त्यामुळं व्याह्याचा चुलतभाऊ येऊन बसला होता, त्याचा सोबती बसला होता, आणि पाहुणा जेवत असताना यजमानानं उठणं म्हणजे त्याच्या पानाचा अपमान. व्याह्याच्या चुलतभावाला दात कमी होते. भाकर हळूहळू संपत होती.

बाईंनी मनकर्णाबाईंना पाठवलं. त्या परत आल्या. "ते म्हनतात, पाहुन्याचं होऊ द्या."

"वाजले किती, सांगितलं?"

"सांगतलं. ते म्हनतात, पागोटं हाये नं मोटारीत."

दोन वाजले. बाई मोटारीत चढल्या.

कडूबानं इंजिन चालू केलं आणि बाईंकडं पाहिलं. सगळी मोटार बाईंकडं पाहत होती. आणि बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. कारण आता साधी वजाबाकी समोर होती. भगवंतराव गेले की अंबूबाई गेल्या, कारण नवरा नाही तर बायको कशी येणार? दहातून दोन गेले, आठ राहिले. आठांना बोटीवर टोळीची जागा नाही. पुढल्या वर्षी ही बोट असेल की नाही कोणास ठाऊक, गुडघा तर नसणारच. 'जाऊ दे, तालीमच तर आहे, थांबू पाच मिनिटं,' असं त्यांच्या मनात आलं. सव्वीस वर्षं घंटा दिलेल्या बाईच्या मनात हे आलं, आणि त्यांना स्वतःचाच इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आज थांबलो तर तो माणूस गॉलला जेवायला बसेल. आणि तिथं नऊ माणसांना धक्क्यावर उभं करून, समोरून जाणारी बोट पाहत बसावं लागेल.

तरी बाई घड्याळच पाहत राहिल्या.

"चालव न रे, कडूबा," मागच्या बाकावरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. अंबूबाई बोलल्या होत्या.

"मालकीनबाई, मालक मांगं..."

"दिसून राह्यलं मले. डोये हायेत. चालव."

मोटार निघाली. लिंबाखाली भगवंतरावांनी हातातला घास खाली ठेवला, उभे राहिले, हात वर केला. अजून ते हसतच होते, कारण मोटार वळवून लावत असतील असं त्यांना वाटलं. मग धुरळा बसला आणि हसू गेलं. पागोटं मलकापूरला चाललं होतं, आणि इतका मोठा माणूस डोक्याला उपरणं गुंडाळून भर बाजारात उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाईंच्या ओसरीवर हजर झाले. मागं अंबूबाई होत्या, आणि त्यांच्यामागं अंबूबाईंची विधवा भावजय कोकिळा.

"ही का रीत झाली, बाई?" भगवंतरावांचा आवाज चढला होता. "मले छकड्यात बसून घरी या लागलं! गावानं पाह्यलं!"

"गॉलला छकडा नाही मिळणार," बाई म्हणाल्या. "तुमचं नाव यादीतून गेलं."

"मंग हिचंबी गेलं. चाल वं घरी."

अंबूबाई हलल्या नाहीत. "माह्यं नाव काऊन जाते? मी त टायमावर होतो."

"लंकेले जातं तू? नवऱ्याले घरी ठेवून?" त्यांनी ओसरीवरच्या सगळ्यांकडं हात केला. "आयका! रामायन उलटंच झालं!"

"काई उलटं नाई," अंबूबाई शांतपणे म्हणाल्या. "सीतेले न्यायले रावन आला होता. मी माह्या तिकिटानं जाऊन राह्यलो." मग बाईंकडं वळल्या. "तेच्या जागी कोकियाचं नाव लिवा. तिले घड्याय समजत नाही, पन ती माही पाठ सोडत नाही."

बाईंनी वही ओढली आणि भगवंतरावांसमोरच नाव लिहिलं. दहा. भगवंतराव चहा प्यायले आणि जाताना बजावून गेले की लंकेत कोणाचं पाणी पिऊ नका, आणि परत यायला उशीर करू नका.

माघात गॉलच्या धक्क्यावर बोटीतून उतरल्याबरोबर मोटारवाल्यांनी दहाही जणांना घेरलं. कोणी बाहीला हात घातला, कोणी झाडू घेतलेल्या मनकर्णाबाईंना थेट मोटारीच्या दारापर्यंत नेलं. (होय, झाडू त्यांनी बरोबर आणले होते. बोटीत केर असतो म्हणे.) बाईंनी त्यांना ओढून आणलं, "नो मोटार! नो मोटार!" असं वर्गातल्या आवाजात ओरडल्या, आणि टोळी एका रांगेत किल्ल्याच्या दरवाजाकडं निघाली. पोस्टमास्तरानं लिहिल्याप्रमाणेच सावली होती. वीस मिनिटांत ते तटावर चढले.

बाई तटाच्या कडेला जाऊन बसल्या. गुडघा ठणकत होता. खाली पाणी खडकांवर फुटत होतं आणि पुढं काहीच नव्हतं, नुसतं पाणी. कोणी बोलायला आलं की त्या हातानंच गप्प करत. तुळशीराम नारळांच्या खतपाण्याबद्दल काहीतरी विचारत होते. त्यांनाही गप्प केलं. घड्याळ बटव्यात होतं. ते त्यांनी बाहेर काढलं नाही.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. खांद्यावर हात पडला.

"उठा, बाई," अंबूबाई म्हणाल्या. त्यांच्या मागं आठ जण ओळीत उभे होते. "बोटीले टाइम झाला."

"पाच मिनिटं," बाई म्हणाल्या.

"नाई," अंबूबाई म्हणाल्या, आणि दंडाला धरून त्यांना उभं केलं.