मंगलचा मिसकॉल

मढची मंगल बहिरी-मुकी. पण खुळी नव्हे हो! बाप जानकू तिकडं आणे गावात जिवंत होता, तोवर दोघांची एक रीत ठरलेली. मंगलनं फोन लावायचा, हाताची पाच बोटं मोजायची नि कापायचा. मिसकॉल गेला की म्हातारा मिळेल त्या गाडीनं लेकीच्या दारात हजर.

बाप गेला आणि नवरा रामदासला रान मोकळं झालं. प्याला तरी लाथा, न पिता तरी लाथा. सासू चिमाबाई शेजारी बसून नाचणी पाखडायची. मुकी बिचारी, कुणीही हाका!

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई प्रतिभानं एकदा मंगलच्या पाठीवरचे वळ पाहिले. हळहळली, बायकांच्या मदतीचा सरकारी नंबर तिच्या तळहातावर लिहिला आणि खुणेनं सांगितलं, मार बसला की लाव. भली बाई! पण मुकीनं फोनवर बोलायचं कसं, हे ना तिला सुचलं, ना नंबर चालवणाऱ्या शहाण्यांना.

मंगलला मात्र शंकाही आली नाही. त्याच सांजेला भाकरी करपली म्हणून मार बसला. तिनं सासूचा फोन घेतला, नंबर लावला, पाच बोटं मोजली, कापला. फोन कोनाड्यात ठेवला आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन उंबऱ्यावर बसली, डोळे रस्त्याकडं.

तिकडच्यांनी फोन परत लावला. मंगलच्या पाठीमागं तो कोकलत होता. चिमाबाईनं उचलला.

"आपल्याकडून मदतीसाठी फोन आला होता. सगळं ठीक आहे ना?"

"मदत? कशापाई वो बाई? सून मुकी हाय आमची, तिच्या हातनं लागला आसंल."

मुकी म्हटल्यावर तरी थांबावं की नाही! पण फोनवरची बाई "काळजी घ्या" म्हणाली आणि मोकळी झाली. आग लागो त्या काळजीला!

मंगलनं वळून पाहिलं. सासू फोनवर गोड बोलत होती. गाडी निघाली, असं वाटून पोर हसली.

"ऐकलं का रं रामदास? तुजी मुकी आता फोन करून लोकं बोलावती."

रामदासनं तिचे हात उंबऱ्यावर दाबून धरले आणि वरवंटा घेतला. बोलायला तेवढीच बोटं होती तिच्याकडं.

दवाखान्यात सांगितलं, वाटताना चेचली.

आता हात फडक्यात बांधून मंगल रोज उंबऱ्यावर बसते, गाठोडं शेजारी. मिसकॉल गेला म्हणजे माणूस येतोच, असं बापानं शिकवलं होतं, आणि बाप तिच्याशी कधी खोटं वागला नव्हता.